घड्याळाची चावी

मनगटी घड्याळाच्या कडेला, बहुधा तीनच्या आकड्यासमोर, एक खाचेदार गुंडी असते. ती फिरवून यांत्रिक घड्याळाची स्प्रिंग गुंडाळतात आणि बाहेर ओढून काटे लावतात. इंग्रजीत तिला क्राउन म्हणजे मुकुट म्हणतात. मराठीत ती चावी. वरवर पाहता दोन्ही नावे चुकल्यासारखी वाटतात. मुकुट डोक्यावर हवा, ही तर बगलेत. चावी काम झाले की काढून ठेवायची, ही कायम घड्याळातच. पण या दोन नावांतच तिची कुळकथा टिकून आहे.

मराठी नावामागचा काळ अधिक जुना आहे. सोळाव्या शतकापासून जवळजवळ तीनशे वर्षे जवळ बाळगायच्या घड्याळांना खरोखरच सुटी चावी लागे. रोज झाकण उघडायचे, चौकोनी आसावर चावी बसवायची आणि स्प्रिंग पिळायची. काटे लावायलाही चावीच. चावीच्या छिद्रातून धूळ आत जाई, आणि चावी हरवली की घड्याळ बंद पडे. ‘चावी’ हा शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाला. घड्याळाला ‘चावी देणे’ किंवा ‘किल्ली देणे’ हे वाक्प्रचार त्या सुट्या चावीचेच आहेत. चावी गेली तरी बोलणे तेच राहिले, आणि तिचे काम करणाऱ्या गुंडीला तिचे नाव मिळाले.

चावी घालवण्याचे प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाले. १८२० साली इंग्लंडमध्ये टॉमस प्रेस्ट यांनी बाहेरची गुंडी फिरवून स्प्रिंग गुंडाळण्याच्या रचनेचे पेटंट घेतले. मात्र त्या गुंडीने काटे लावता येत नसत. दोन्ही कामे एकाच दांडीवर आणणारी सुटसुटीत रचना फ्रेंच कारागीर आद्रियां फिलिप यांनी केली. १८४४ च्या पॅरिसच्या औद्योगिक प्रदर्शनात तिला पदक मिळाले आणि तिथेच घड्याळ-उत्पादक अंतोनी पातेक यांची तिच्यावर नजर गेली. पुढे हे दोघे भागीदार झाले. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाने त्यांचे असेच बिनचावीचे घड्याळ घेतले.

या घड्याळांत साखळीची कडी बाराच्या आकड्याच्या वर असे आणि गुंडी त्या कडीच्या मधोमध. घड्याळाच्या माथ्यावरची खाचेदार गुंडी म्हणून ती मुकुट ठरली. विसाव्या शतकात, विशेषतः पहिल्या महायुद्धानंतर, घड्याळ खिशातून मनगटावर आले. डाव्या मनगटावरच्या घड्याळाची गुंडी उजव्या हाताच्या चिमटीत यावी म्हणून ती तीनच्या बाजूला गेली.

गुंडीच्या आत एक बारीक पोलादी दांडी असते, तिला स्टेम म्हणतात. तिच्यावर दोन लहान दंतचक्रे असतात. गुंडी आत असताना ती एकमेकांत अडकतात आणि फिरवण्याचा जोर स्प्रिंगच्या डबीपर्यंत पोचवतात. गुंडी ओढली की एक तरफ त्यांतले एक चक्र सरकवते, आणि तोच जोर काट्यांकडे वळतो.

चावीचे छिद्र गेले, तरी दांडीसाठी घड्याळाच्या डब्याला भोक राहिलेच, आणि धूळ-पाणी तिथूनच शिरू लागले. जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीने गुंडीच काढून टाकली. १९२४ साली पेटंट मिळालेले त्याचे स्वयंचलित घड्याळ हाताच्या हालचालीने गुंडाळले जाई आणि काचेभोवतीचे कडे फिरवून काटे लावता येत. पण तो प्रकार रुजला नाही. रोलेक्सने १९२६ च्या ऑयस्टर घड्याळात बाटलीच्या झाकणासारखी आट्यांवर आवळली जाणारी गुंडी बसवली, आणि ती टिकली. पुढे साध्या घड्याळांतही गुंडीत रबरी कडे बसवण्याची पद्धत रूढ झाली. १९६९ साली सेइकोने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. बॅटरीवरच्या घड्याळात गुंडाळायला काहीच उरले नाही. गुंडी फक्त काटे आणि तारीख लावण्यापुरती राहिली.

यांत्रिक घड्याळात रोज फिरणारा, ओढला जाणारा आणि बाहेर आलेला भाग असल्याने गुंडी लवकर झिजते. कधी खाचा गुळगुळीत होतात, कधी आट्या सुटून गुंडी हातात येते, कधी दांडीच मोडते. दुरुस्तीत आधी दांडी अडवणारी तरफ सैल करून दांडी बाहेर काढतात. नवी गुंडी निवडताना तिचा व्यास, डब्यावरच्या नळीचे माप आणि दांडीच्या आट्यांचे माप जुळावे लागते. अनेक घड्याळांत आट्यांचा व्यास ०.९ मिलीमीटर असतो. नवी दांडी लांबच येते. ती थोडी थोडी कापून, घासून, पुन्हा पुन्हा बसवून पाहतात. आखूड झाली तर गुंडी डब्याला घासते, लांब राहिली तर फट उरते.

मूळ गुंडी जपायची असेल आणि दांडीचा तुकडा तिच्यातच अडकला असेल, तर घड्याळजी तुरटीचा आधार घेतात. तुरटीच्या गरम पाण्यात पोलाद हळूहळू विरते, पितळ किंवा सोने मात्र शाबूत राहते. पोलादी गुंडीला हा उपाय चालत नाही. मोकळी झालेली गुंडी धुऊन, तिच्यात नवे रबरी कडे घालून ती नव्या दांडीवर बसवतात. शेवटी ती आत असताना स्प्रिंग गुंडाळली जाते का, ओढल्यावर काटे फिरतात का आणि सोडल्यावर ती डब्याला नीट टेकते का, हे तपासतात.