एक विनोद, दोन राष्ट्रें

एकच भाषा बोलणारीं दोन राष्ट्रें एकाच गोष्टीस हंसतील असा नियम नाहीं. इंग्लंड व अमेरिका यांच्या विनोदाची तुलना करतांना सामान्यतः असें सांगण्यांत येतें कीं, इंग्रजाचा विनोद कोरडा, तिरकस व स्वतःवरच उलटणारा असतो; अमेरिकनाचा विनोद मोकळा, आशावादी व शेवट गोड करणारा असतो; आणि या भेदाचें मूळ त्या त्या राष्ट्राच्या स्वभावांत आहे. हें मत ऐकण्यास सोपें व पटण्यासही सोपें आहे. परंतु राष्ट्रस्वभाव हें कारण फार सोयीचें असतें. जेथें इतिहास शोधण्याचा कंटाळा येतो तेथें तें पुढें करण्याचा मोह होतो. सुदैवानें या बाबतींत इतिहासानेंच एक प्रयोग करून ठेविला आहे. ब्रिटिश दूरचित्रवाणीवर गाजलेल्या कांहीं विनोदी मालिका १९७० नंतर अमेरिकेनें घेऊन आपल्या मातींत लाविल्या. बीज तेंच, जमीन निराळी. झाडांत जो फरक पडला तो कशामुळें पडला हें पाहिलें, म्हणजे स्वभावाचा वांटा किती व परिस्थितीचा किती हें ठरविणें सुलभ होईल.

प्रथम या दोन जमिनींकडे पाहूं. बी. बी. सी. नें आपली नियमित दूरचित्रवाणी २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून सुरू केली. या संस्थेचा खर्च घरोघरच्या परवाना-शुल्कांतून चाले. जाहिरातीस तेथें थारा नव्हता. जाहिरातींवर चालणारी प्रतिस्पर्धी वाहिनी १९५५ सालीं निघाली. तथापि ब्रिटिश विनोदी मालिकेचें वळण बहुतेक तेंच राहिलें. एक किंवा दोन लेखकांनीं बसून सहा-सात भाग लिहावे, आणि पुढील सहा-सात भागांसाठीं प्रेक्षकांनीं कित्येक महिने वाट पाहावी, असा तो क्रम होता.

अमेरिकेंत प्रारंभापासून जाहिरातदार हाच यजमान होता. 'आय लव्ह लुसी' ही मालिका १९५१ सालीं सुरू झाली तेव्हां ती न्यूयॉर्कमधून प्रत्यक्ष प्रक्षेपित व्हावी असा तिला पैसा पुरविणाऱ्यांचा आग्रह होता. परंतु ल्युसिल बॉल व तिचा पति देसी आर्नाझ यांस हॉलिवुड सोडावयाचें नव्हतें. तेव्हां प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून प्रत्येक भाग फिल्मवर घेण्याची तोड निघाली. या तोडीचा परिणाम फार दूरवर पोंचला. फिल्म टिकते, ती पुन्हां पुन्हां दाखवितां येते व गांवोगांवच्या केंद्रांस विकतां येते. जितके भाग अधिक तितकें भांडवल अधिक. त्या मालिकेच्या पहिल्याच हंगामांत ३५ भाग झाले. इतकें लिखाण एकदोघांच्या हातून निभणें कठीण. म्हणून पुढें अनेक लेखकांनीं एका टेबलाभोंवतीं बसून लिहिण्याची पद्धति रूढ झाली. इकडे बी. बी. सी. मध्यें मात्र चित्रफीत महाग म्हणून जुने कार्यक्रम पुसून तीच फीत पुन्हां वापरीत. कित्येक नामांकित मालिकांचे भाग येणेंप्रमाणें कायमचे नाहींसे झाले आहेत. एका देशांत विनोद हा क्षणाचा खेळ ठरला, दुसऱ्यांत ती जपून ठेवावयाची मालमत्ता ठरली.

आतां पहिलें उदाहरण घेऊं. रे गॅल्टन व अॅलन सिम्पसन हे दोघे लेखक तरुणपणीं क्षयरोग्यांच्या आरोग्यभवनांत एकमेकांस भेटले, व त्या मैत्रींतून पुढें १९६२ सालीं 'स्टेप्टो अँड सन' ही मालिका जन्मास आली. लंडनमधील एक म्हातारा भंगारवाला व त्याचा चाळिशीकडे झुकलेला मुलगा हॅरल्ड एवढींच यांतील मुख्य पात्रें. हॅरल्डला चार पुस्तकें वाचावयाचीं आहेत, बऱ्या लोकांत वावरावयाचें आहे, आणि मुख्य म्हणजे बापापासून सुटावयाचें आहे. पहिल्याच प्रयोगांत तो आपलें सामान गाडीवर रचून निघतो. बाप घोडा देत नाहीं. हॅरल्ड स्वतः गाडी ओढूं पाहतो, पण ती जागची हलत नाहीं, आणि तो ढसढसां रडूं लागतो. प्रेक्षक इतका वेळ हंसत असतात; आतां आपण कशास हंसत होतों हें त्यांचें त्यांसच कळेनासें होतें. या मालिकेचा सगळा विनोद त्या न हलणाऱ्या गाडींत आहे.

अमेरिकेनें हीच कल्पना १९७२ सालीं 'सॅनफर्ड अँड सन' या नांवानें आपलीशी केली. स्थळ लॉस एंजलिसमधील वॉट्स वस्ती. १९६५ च्या दंगलीमुळें हें नांव सर्वांच्या कानांवर होतें. बापलेक कृष्णवर्णीय, बापाचें काम रेड फॉक्स या नटानें केलें. अडचण आली कीं हा बाप छातीवर हात ठेवून हृदयविकाराचा झटका आल्याची बतावणी करतो, व आकाशाकडे पाहून मृत पत्नीस आपण येत असल्याची वर्दी देतो. भांडण तेंच, भंगारही तेंच. परंतु येथें बापाचा पाश गळफास वाटत नाहीं, माया वाटते. याला केवळ अमेरिकन गोडवा म्हणून हिणविणें अन्यायाचें होईल. एक कृष्णवर्णीय घर दर आठवड्यास राष्ट्रांतील असंख्य घरांत पाहुणें म्हणून जावयाचें होतें. वर्षानुवर्षें जावयाचें होतें. ज्या घरांत केवळ गुदमरणें आहे तेथें पाहुणा इतक्यांदा येत नाहीं.

दुसरें उदाहरण याहून नाजूक आहे. जॉनी स्पाइट यांनीं 'टिल डेथ अस डू पार्ट' ही मालिका बी. बी. सी. साठीं लिहिली, ती १९६६ पासून नियमित दिसूं लागली. तिचा नायक आल्फ गार्नेट हा पूर्व लंडनमधील कामकरी. राजघराण्याचा भक्त, हुजूर पक्षाचा कैवारी, आणि परदेशी, ज्यू व कृष्णवर्णीय यांच्या नांवानें सदा बोटें मोडणारा. ही भूमिका करणारा वॉरन मिचेल हा नट स्वतः ज्यू होता! आल्फवर कोणी प्रेम करीत नाहीं. त्याची बायकोही त्याला थंडपणें टोले हाणते. नॉर्मन लिअर यांनीं याच कल्पनेवरून 'ऑल इन द फॅमिली' रचली. एका वाहिनीनें तिचे दोन नमुने नाकारल्यावर १२ जानेवारी १९७१ रोजीं सी. बी. एस. वर ती सुरू झाली. मनुष्याच्या उणीवा व पूर्वग्रह यांवर हंसत हंसत प्रकाश टाकण्याचा हा यत्न आहे, अशी सूचना प्रारंभीं देण्यास वाहिनी विसरली नाहीं. न्यूयॉर्कचा आर्ची बंकर हा आल्फचाच भाऊ. परंतु लिअर यांनीं त्यांत स्वतःच्या वडिलांच्या कांहीं लकबी घातल्या, आणि त्याला ईडिथसारखी जीव लावणारी बायको दिली. आल्फ शेवटपर्यंत तसाच राहतो. आर्ची इंचाइंचानें कां होईना, हलतो. १९७१ ते १९७६ असे सलग पांच हंगाम ही मालिका अमेरिकेंत अग्रस्थानीं होती.

आतां मुख्य प्रश्न. दोन्ही लेखकांचा हेतु एकच होता: पूर्वग्रह हास्यास्पद करावा. तो साधला काय? १९७४ सालीं नील विडमार व मिल्टन रोकीच या संशोधकांनीं अमेरिकन विद्यार्थी व कानडांतील प्रौढ प्रेक्षक यांची पाहणी प्रसिद्ध केली. तींत असें आढळलें कीं, ज्यांच्या मनांत पूर्वग्रह प्रबळ त्यांना आर्चीच अधिक आवडे, आणि वादांत तोच खरें बोलतो असें वाटे. ज्यांचें मन मोकळें त्यांना तीच मालिका आर्चीची फजिती वाटे. इंग्लंडांतही निराळें घडलें नाहीं. कृष्णवर्णीयांना चांगलें सुनावलेंत, अशी शाबासकी देणारे लोक मिचेल यांस भेटत. आम्ही त्यांना नव्हे, तुम्हांलाच हंसत होतों, असें सांगण्याची पाळी त्यांजवर येई. कठोर इंग्रजी विनोद आणि मायाळू अमेरिकन विनोद, दोन्हीही या एका ठिकाणीं सारखेच हतबल ठरले. राष्ट्राराष्ट्रांतील अंतरापेक्षां एकाच राष्ट्रांतील दोन प्रेक्षकांमधील अंतर अधिक होतें.

अलीकडचें उदाहरण 'द ऑफिस' या मालिकेचें. रिकी जर्वेस व स्टीफन मर्चंट यांनीं २००१ ते २००३ या काळांत केवळ १४ भागांत ती संपविली. अमेरिकन अवतार २००५ ते २०१३ पर्यंत चालून त्याचे २०१ भाग झाले. त्याचा पहिला भाग इंग्रजी भागाची जवळजवळ नक्कलच होता. पुढें मात्र तेथील साहेब हळूहळू मवाळ व प्रेमळ झाला. मूळच्या साहेबाची केविलवाणी बढाई १४ भाग सोसवते, २०१ भाग सोसवत नाहीं. हा हिशेब आहे, यांत राष्ट्रस्वभावाचें गूढ कांहीं नाहीं. उलट पक्षीं, कोणीं कोणास मिठी मारावयाची नाहीं व कोणीं कांहीं शिकावयाचें नाहीं, हा दंडक घालून घेणारी 'साइनफेल्ड' ही मालिका अस्सल अमेरिकन होती. आणि होमगार्डमधील म्हाताऱ्यांस मायेनें हंसणारी 'डॅड्स आर्मी' अस्सल इंग्रजी.

तेव्हां या दोन विनोदांतील भेद खरा आहे, परंतु तो रक्ताचा नाहीं. पैसा कोण देतो, किती भाग लागतात, लेखक एकटा आहे कीं दहाजणांत आहे, यांवरून हास्याची चव पुष्कळशी ठरते. स्वभावाचा वांटा मुळींच नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. तो मागून येतो, एवढेंच. आर्चीची खुर्ची १९७८ सालीं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयास देण्यांत आली. तिच्यापुढें उभे राहणाऱ्यांपैकीं कोणी तिच्यावर बसणाऱ्यास हंसला असेल, कोणी त्याच्याबरोबर हंसला असेल. लेखकानें विनोद कितीही नेमका रचला, तरी त्याचा रोख कोणाकडे आहे हें ओळखण्याचें काम प्रेक्षकावरच पडतें. आणि तें काम कोणत्याही राष्ट्रानें आपल्या प्रेक्षकासाठीं अद्याप हलकें केलेलें नाहीं.