ठिणगीचे इंजिन आणि दाबाचे इंजिन

१९८९ साली अमेरिकेतला एखादा शेतकरी डॉज कंपनीची जड कामाची पिकअप गाडी घ्यायला गेला असता, तर दुकानदाराने त्याला एक प्रश्न हमखास विचारला असता : इंजिन कोणते हवे? एक होते आठ सिलिंडरांचे, पेट्रोलवर चालणारे. दुसरे कमिन्स कंपनीचे, सहा सिलिंडरांचे, डिझेलवर चालणारे आणि त्या वर्षी पहिल्यांदाच या गाडीत आलेले. दोन्ही इंजिनांच्या सिलिंडरांचे एकूण घनफळ जवळजवळ सारखेच, ५.९ लिटर. गाडीचा सांगाडा तोच, चाके तीच. तरीही डिझेलचे इंजिन वजनाला कितीतरी जड आणि किमतीला महाग होते. शिवाय त्याची शक्ती १६० अश्वशक्ती, म्हणजे पेट्रोलच्या इंजिनापेक्षा कमीच. मग ते कोणी का घ्यावे?

उत्तर शक्तीत नव्हते, टॉर्कमध्ये होते. टॉर्क म्हणजे दांडा फिरवण्याची ओढ. डिझेलच्या इंजिनाची ही ओढ मिनिटाला १७०० फेऱ्या असतानाच ५४२ न्यूटन-मीटर इतकी होती. पेट्रोलच्या इंजिनाची त्याहून बरीच कमी. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग, हे सूत्र आपण अकरावी-बारावीला शिकवतो. ते येथे लावून पाहावे. मिनिटाला १७०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला सुमारे १७८ रेडियन. त्याला ५४२ ने गुणले की सुमारे ९६,५०० वॅट येतात, म्हणजे १२९ अश्वशक्ती. इंजिन अजून संथच फिरते आहे आणि १६० पैकी १२९ अश्वशक्ती हाताशी आली आहे. घोड्यांनी भरलेला ट्रेलर चढावर जागचा हलवायचा असेल तेव्हा हेच कामाला येते. पेट्रोलच्या इंजिनाला तेवढ्यासाठी खालचा गिअर टाकून ओरडत फिरावे लागते.

एकाच घनफळाच्या दोन इंजिनांत एवढा फरक कुठून आला? त्यासाठी सव्वाशे-दीडशे वर्षे मागे जायला हवे. त्याआधी सायकलच्या पंपाशी थोडे थांबू.

पंपाचे तोंड बोटाने बंद करून दांडा झपाट्याने दाबला की नळीचे टोक गरम लागते. हवा दाबताना आपण केलेले कार्य तिच्यात उष्णतेच्या रूपाने दिसते. आग्नेय आशियात विस्तव पेटवण्याची एक जुनी रीत याच तत्त्वावर होती. लाकडी नळीत घट्ट बसणारा दट्ट्या, त्याच्या टोकाला चिमूटभर सुकी भुशी. दट्ट्यावर जोरात थाप मारली की भुशी धुमसू लागते. काडी नाही, गारगोटी नाही. आता आकडे पाहू. २७ अंश सेल्सियसची हवा तिच्या घनफळाच्या एक नवमांशात दाबली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर तिचे तापमान सुमारे ४५० अंश होते. एक अष्टादशांशात दाबली तर ६८० अंश. प्रत्यक्षात सिलिंडरच्या भिंती काही उष्णता खातात, पण हिशेब याच पट्टीतला. मूळ घनफळ आणि दाबलेले घनफळ यांच्या प्रमाणाला संपीडन गुणोत्तर म्हणतात. दोन इंजिनांची सारी भांडणे या एका संख्येपाशी येऊन थांबतात.

निकोलाउस ऑटो याने १८७६ साली चार धावांचे इंजिन चालवून दाखवले. त्यात इंधन आणि हवा आधीच मिसळून आत येतात, दाबली जातात आणि बाहेरून पेटवली जातात. आजचे पेट्रोल इंजिन याच घराण्यातले. उष्मागतिकी सांगते की संपीडन जितके जास्त, तितकी कार्यक्षमता जास्त. पण ऑटोच्या वाटेवर एक धोंड आहे. मिश्रण फार दाबले तर त्याचा शिस्तीने पेटण्याचा क्रम मोडतो. ठिणगीपासून निघालेली ज्योत पुढे सरकत असते आणि ती पोचण्याआधीच कोपऱ्यातले उरलेले मिश्रण दाबाने तापून एकदम भडकते. मेकॅनिक ज्याला इंजिन ठोकतंय म्हणतात, तो हा प्रकार. असे फार वेळ चालले तर दट्ट्याला भोक पडते.

रूडोल्फ डिझेल हा म्युनिकला कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी. शीतयंत्रांच्या लिंडे यांच्याच धंद्यात त्याने पुढे नोकरीही केली. त्याने ही धोंड बाजूलाच सारली. आधी नुसती हवा दाबायची. तिच्यात इंधनच नाही, तर अवेळी पेटणार काय? ती पुरेशी तापली की अगदी शेवटच्या क्षणी इंधन आत फवारायचे. ते आपोआप पेटते, ठिणगीची गरज नाही. १८९३ च्या ऑगस्टमध्ये आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या यंत्राची चाचणी झाली, तेव्हा इंधन आत जाताच असा स्फोट झाला की दाब नोंदवणारे उपकरण फुटून उडाले आणि जवळ उभे असलेले लोक थोडक्यात बचावले. यंत्र चालले नाही, पण पेट घेते हे कळले. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक मोरिट्स श्र्योटर यांनी सुधारलेल्या यंत्राची रीतसर मोजणी केली, ती कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. त्या काळची वाफेची इंजिने याच्या निम्म्यावरही क्वचितच जात.

मात्र हे यंत्र माणसापेक्षा उंच आणि टनावारी वजनाचे होते. इंधन फवारायला त्याला वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागे. ते जहाजात शिरले, वीजघरात शिरले. रस्त्यावर यायला मात्र तीसएक वर्षे लागली. १९२७ पासून रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातून नेमक्या मापाने इंधन देणारे पंप मोठ्या संख्येने निघू लागले आणि कॉम्प्रेसरची गरज उरली नाही. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावी क्लेसी कमिन्स नावाचा स्वतः शिकलेला यंत्रज्ञ होता. त्याने एका जुन्या पॅकार्ड गाडीत आपले डिझेल इंजिन बसवले आणि १९३० च्या जानेवारीत ती न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनापर्यंत चालवत नेली. जवळपास आठशे मैलांच्या या प्रवासात इंधनाला लागले १ डॉलर ३८ सेंट. तरीही अमेरिकेतली छोटी वाहने पेट्रोलवरच राहिली. पेट्रोल तिथे इतके स्वस्त होते की बचतीचे कौतुक कोणाला?

पेट्रोलच्या बाजूनेही धोंड हटवण्याचा प्रयत्न झाला होता, आणि त्याची किंमत मोठी पडली. जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली याला ९ डिसेंबर १९२१ रोजी आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राएथिल शिसे अगदी थोडे मिसळले तरी ठोकणे थांबते. १९२३ पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. पुढच्याच वर्षी न्यू जर्सीतल्या ते बनवणाऱ्या एका कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार मेले. तरी ते चालूच राहिले, जगभर, कित्येक दशके. आपल्याकडे शिसेयुक्त पेट्रोल २००० साली बंद झाले. जगातला शेवटचा देश अल्जीरिया, २०२१ साली. संपीडन गुणोत्तर सहा-सातवरून आठ-नऊपर्यंत चढवण्यासाठी कित्येक पिढ्यांच्या मुलांच्या रक्तात शिसे गेले. इंजिनांच्या इतिहासात हे प्रकरण तळटिपेत उरकले जाते, ते आम्हाला खटकते.

१९७३ च्या तेलसंकटाने अमेरिकेला डिझेलची आठवण झाली. जनरल मोटर्सने १९७८ च्या मॉडेलपासून ओल्ड्समोबिलचे ५.७ लिटरचे डिझेल इंजिन आणले. ते मोटारींत आले, तसे शेव्हरोलेच्या हलक्या पिकअपमध्येही आले. लोकांत समज असा की ते पेट्रोल इंजिनच होते, नुसते नाव बदललेले. तसे नव्हते, त्याचा ठोकळा जाड, मजबूत घडवलेला होता. घात केला तो बोल्टांनी. कारखान्यातली तीच यंत्रे वापरता यावीत म्हणून सिलिंडरचे डोके धरून ठेवणाऱ्या बोल्टांची संख्या आणि जागा पेट्रोल इंजिनासारखीच ठेवली गेली. संपीडन गुणोत्तर मात्र २२.५ होते. बोल्ट ताणले जात, तुटत, डोक्याखालचे गॅस्केट उडे. त्यातच, डिझेलमध्ये आलेले पाणी वेगळे काढण्याची सोय नसल्याने इंधनपंप गंजत. कज्जेखटले झाले आणि १९८५ नंतर हे इंजिन बंद झाले. चूक उष्मागतिकी न कळल्याची नव्हती. ती हिशेबाच्या वहीत झालेली होती, असे आमचे मत आहे. तिचा परिणाम मात्र असा झाला की अमेरिकन माणसाच्या मनातून डिझेलची मोटार उतरली ती उतरलीच.

पिकअपमधून ती उतरली नाही, हे विशेष. १९८२ मध्ये शेव्हरोलेने ६.२ लिटरचे, १९८३ मध्ये फोर्डने इंटरनॅशनल हार्वेस्टरकडून घेतलेले ६.९ लिटरचे डिझेल इंजिन जड पिकअपमध्ये दिले. त्यानंतर १९८९ चे ते कमिन्स. हे इंजिन मुळात शेतीच्या आणि बांधकामाच्या यंत्रांसाठी घडवलेले, म्हणजे पहिल्या दिवसापासून दाब सोसण्यासाठीच. त्यावर टर्बोचार्जर होता. टर्बो जास्तीची हवा कोंबतो. पेट्रोल इंजिनात अशी हवा कोंबली की ठोकण्याचे भय वाढते. डिझेलमध्ये ते भय नाही. धातू जेवढे सोसेल तेवढी हवा भरा आणि तेवढे इंधन जाळा. वाढीव टॉर्क इथून येतो. शिवाय पेट्रोलमध्ये हवा-इंधनाचे प्रमाण जवळजवळ ठरलेले असल्याने, शक्ती कमी हवी तेव्हा हवेचीच वाट आवळावी लागते आणि दट्ट्याला ती ओढून घेण्याचे फुकटचे कष्ट पडतात. डिझेलमध्ये नुसते इंधन कमी करायचे. एका लिटर डिझेलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जाही सुमारे १३ टक्के जास्त असते. हवेची वाट आवळलेली नसल्याचा एक तोटाही आहे. उतारावर पाय काढला तरी डिझेल इंजिन गाडीला फारसे धरत नाही. म्हणून पुढे या पिकअपना धुराच्या वाटेवर वेगळा ब्रेक द्यावा लागला.

आता धुराकडे वळू. इंधन शेवटच्या क्षणी फवारायचे ही डिझेलची युक्ती, आणि काजळीचे मूळही तीच. फवाऱ्याला हवेत नीट मिसळायला वेळच मिळत नाही. त्याच्या पोटात इंधन जास्त, हवा कमी. तेथे काजळी होते. कडेला हवा जास्त आणि तापमान प्रचंड. तेथे नायट्रोजन व ऑक्सिजन यांचा संयोग होऊन नायट्रोजनची ऑक्साइडे होतात. एक कमी करायला जावे तर दुसरे वाढते. पेट्रोलचे काम सोपे झाले, कारण ठरल्या प्रमाणात जळलेल्या मिश्रणाचा धूर एकाच उत्प्रेरकी डब्यात बऱ्यापैकी साफ होतो. डिझेलच्या धुरात ऑक्सिजन शिल्लक असतो, त्यामुळे नायट्रोजनच्या ऑक्साइडांवर तो डबा चालत नाही.

जड डिझेल इंजिनांच्या काजळीवरची अमेरिकन मर्यादा १९८८ साली अश्वशक्ती-तासाला ०.६ ग्रॅम होती. २००७ मध्ये ती ०.०१ झाली, म्हणजे एक साठांश. त्याआधी, २००६ साली, डिझेलमधील गंधक दशलक्ष भागांत १५ वर आणले गेले. पिकअपमध्ये काजळी अडवणारी गाळणी बसली आणि २०१० नंतर युरियाच्या द्रावणाने नायट्रोजनची ऑक्साइडे मोडणारी यंत्रणाही आली. १ एप्रिल २०२० ला भारत स्टेज ६ लागू झाल्यावर आपल्या पेट्रोलपंपांवर डीईएफचे डबे दिसू लागले, त्यांत हेच द्रावण असते.

हे सारे महाग आणि नाजूक आहे. त्यातून काय घडते पाहा. २०१३ ते २०१९ या काळातल्या ६ लाख ३० हजार रॅम पिकअपच्या कमिन्स डिझेल इंजिनांत प्रदूषण-नियंत्रणाला बगल देणारी सॉफ्टवेअरची सोय होती, असा आरोप अमेरिकी सरकारने ठेवला. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने १६७.५ कोटी डॉलर दंड भरण्याचे मान्य केले, चूक मात्र कबूल केली नाही. रॅम म्हणजे १९८९ च्या त्या डॉजचीच वंशज.

दरम्यान पेट्रोलचे इंजिन परत आले होते. २०२० च्या मॉडेलात फोर्डने आपल्या जड पिकअपसाठी ७.३ लिटरचे नवे पेट्रोल इंजिन आणले. ओतीव लोखंडाचा ठोकळा, झडपा उघडायला जुन्या पद्धतीच्या दांड्या, संपीडन गुणोत्तर १०.५, शक्ती ४३० अश्वशक्ती, टॉर्क ६४४ न्यूटन-मीटर. त्याच गाडीतल्या ६.७ लिटरच्या डिझेलचा टॉर्क १४२४ होता, म्हणजे दुपटीहून जास्त; पण त्यासाठी सुमारे दहा हजार डॉलर जास्त मोजावे लागत. त्यातच २००४ च्या अखेरीपासून अमेरिकेत डिझेलच बहुधा पेट्रोलपेक्षा महाग आहे. आपल्याकडे उलट. सरकारने वर्षानुवर्षे डिझेल स्वस्त ठेवल्यामुळे खेड्यापाड्यांतली पिकअप डिझेलचीच, हे आपण इतके गृहीत धरतो की त्यामागे दरपत्रक आहे, यंत्रशास्त्र नव्हे, हे ध्यानात येत नाही.

अवजड ट्रेलर घेऊन रॉकी पर्वत ओलांडणारा माणूस आजही डिझेलच घेतो. पण वीज मंडळाची, नगरपालिकेची गाडी या खांबापासून त्या खांबापर्यंत जाते आणि थांबते. काजळीची गाळणी स्वतःला जाळून साफ करते, त्यासाठी धूर बराच वेळ चांगला गरम राहावा लागतो. अशा गाडीत तो तेवढा तापतच नाही. गाळणी तुंबते आणि गाडी कारखान्यात उभी राहते. अशा कामांवरच्या गाड्यांना पेट्रोलचे इंजिन पुन्हा परवडू लागले आहे.