गिरणगावातील खाणावळ : विश्वासावर चाललेला व्यवसाय

मदन महल स्थानकावरून जाणारा लोहमार्ग इटारसी व भुसावळमार्गे मुंबईस पोहोचतो. 1870 साली जबलपूर येथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि ईस्ट इंडियन या दोन रेल्वेंचे मार्ग जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता असा सलग लोहमार्ग सिद्ध झाला. रेल्वेने दूरची शहरे जवळ आणली. परंतु पोटासाठी मुलूख सोडणाऱ्या माणसाच्या दोन वेळच्या जेवणाचे काय, हा प्रश्न उरलाच. मुंबईच्या गिरणगावात त्याचे उत्तर दिले ते चाळींतील खाणावळवाल्या स्त्रियांनी.

मुंबईतील पहिली कापडगिरणी 1856 साली सुरू झाली. पुढे रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून हजारो पुरुष परळ-लालबागेत आले. बायकामुले गावी शेती सांभाळत. इकडे एकेका खोलीत अनेक गडी पाळीपाळीने झोपत. अशा कामगारांना जेवू घालणारी स्त्री बहुधा विधवा, परित्यक्ता किंवा अपुऱ्या पगारावर संसार ओढणारी गिरणी कामगाराची पत्नी असे. तिचे भांडवल म्हणजे चूल, चार भांडी आणि स्वतःचे कष्ट. पहाटेच्या पाळीचा डबा पहाटे, रात्रपाळीचा संध्याकाळी, असे तिचे घड्याळ गिरणीच्या भोंग्यावर चाले. कोकणातल्या माणसाला भात-आमटी, घाटावरच्याला भाकरी, उपवास करणाऱ्याला फराळ, ही तिची ग्राहकसेवा. खाणावळीतला माणूस तिच्या लेखी नुसता गिऱ्हाईक नव्हता.

या जिव्हाळ्याची किंमत मात्र तीच मोजत होती. कामगार आज जेवे आणि पगार झाल्यावर पैसे देई. तोवर वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज तिच्या माथी. प्रसंगी दागिने आणि भांडीही गहाण पडत. गिरणी उद्योगाच्या हिशेबात या श्रमांना जागा नव्हती. बँकेच्या लेखीही त्या उद्योजक नव्हत्या.

1969 मध्ये 14 मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा लहान व्यावसायिकांसाठी कर्जाचे दार किलकिले झाले. गोवामुक्तीच्या लढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली या स्त्रियांना संघटित करून अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. तारण ठेवण्यास काही नसलेल्या बायका एकमेकींना जामीन राहिल्या आणि त्यांना बँकेचे कर्ज मिळू लागले. सावकाराचा पाश सैल झाला.

18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पगार थांबले, तसे खाणावळींचे येणेही थांबले. पुढे अनेक गिरण्या बंद पडल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची गिऱ्हाइके पांगली. गिरण्यांच्या जागी आज उंच इमारती आहेत. खाणावळींच्या खुणा शोधाव्या लागतात.

या शाळेतून शिकून नोकरी-शिक्षणासाठी परगावी गेलेल्या कित्येकांचे पहिले दिवस कुणाच्या तरी डब्यावर निभावले असतील. गिरणगावच्या इतिहासातून त्यांना एवढे घेता येईल : आपुलकीने वाढलेल्या ताटामागे कुणाची तरी उधारी उभी असते. त्या सेवेचे कौतुक शब्दांनी करावेच. पण महिनाअखेरीस तिचे पैसे वेळेवर चुकते करणे, हा त्या कौतुकाचा पहिला भाग आहे.