बदकं मरेनात!

उशीर म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको. मी जन्माचा शेवटच्या पंगतीतला माणूस. आमच्या ओळीपर्यंत जिलेबी येईतो वाढप्याच्या ताटात नुसता पाक उरलेला असायचा. तेव्हा उशिराचा इतिहास लिहायचा अधिकार मला आहे, असं मी समजतो. फक्त आजचा हा उशीर एक दशांश सेकंदाचा आहे. एवढा बारीक उशीर मोजायची वेळ आमच्या गारगोटीत माझ्यावर कशी आली, ते सांगतो. त्यात थोडा कबुलीजबाबही आहे.

आमची नात नववीत. टीव्हीला संगणक जोडून ती मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळते. तिकडे पुण्यात तिचा आतेभाऊ स्वतःच्या मॉनिटरवर खेळतो आणि दर रविवारी हिला हरवतो. वळण आलं की हिची गाडी थेट खड्ड्यात. "आबा, मी वेळेवर दाबते हो! गाडीच उशिरा वळते," असं ती म्हणायची. यावर आजोबा लोक जे बोलतात तेच मी बोललो: "लक्ष नको का जाग्यावर? आमच्या वेळी..." पुढचं तुम्हाला पाठ असेलच. तिला पाठ होतं. वर्षभर मी तिला धांदरट म्हणत आलो. पुढे पुढे ती वाद घालायची थांबली आणि खेळायचीही कमी झाली. ते मला माझ्या उपदेशाचं यश वाटलं.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून चिरंजीवांचा नव्वदीतला कॅसेटवाला टीव्ही गेम निघाला. सोबत ती प्लॅस्टिकची बंदूक. बदकं मारायचा तो खेळ मूळचा १९८४ सालचा. आपल्याकडे त्याच्या नकला आल्या आणि घरोघरी शिकारी तयार झाले. चिरंजीवांनी वायरी जोडल्या, नेम धरला. ठो! बदक उडालं. ठो! दुसरं उडालं. मग बंदूक मी घेतली. पडद्याला नळी टेकवून गोळी घातली, तरी एकही पीस गळलं नाही. गवतातून तो कुत्रा मात्र वर आला आणि आम्हा बापलेकांना पोटभर हसला.

"बंदूक मेली असणार," मी निकाल दिला. पण शेजारच्या शिंप्याकडे एक जुना डबा टीव्ही अजून जिवंत होता. त्याच्यावर तोच गेम लावला, तर बदकं पटापटा पडायला लागली! नात माझ्याकडे बघत होती. बोलली काही नाही. म्हणून मला जास्त लागलं.

मग मी वाचायला बसलो. इतकी वर्षं आम्ही समजत होतो की बंदुकीतून काहीतरी सुटतं. सुटत काहीच नाही. घोडा दाबला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. नळीत एक डोळा असतो. त्याला ठरल्या क्षणी पांढरं दिसलं तर बदक मेलं. हा सगळा हिशेब त्या पिक्चर ट्यूबच्या पडद्यासाठी केलेला. सपाट पडद्यावर चौकोन उमटेपर्यंत डोळा मिटून झालेला असतो, बदक सुखरूप घरी.

ही ट्यूब १८९७ साली जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी केली. तिची तऱ्हा अशी की येईल तो संदेश तिथल्या तिथे पडद्यावर. साठवणं नाही, सजवणं नाही. १९५८ साली अमेरिकेत ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबोथम यांनी पाहुण्यांच्या करमणुकीसाठी टेनिसचा खेळ रचला, तोही अशाच ट्यूबच्या पाच इंची पडद्यावर. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाचे ते दारं-कुलपांचे टीव्हीही याच जातीचे. चित्राला मुंग्या येत, एक जण गच्चीवर अँटेना फिरवी, पण आलेलं चित्र अडून बसत नसे.

सपाट टीव्ही मात्र श्रीमंताघरचा. आलेलं चित्र तो आधी ठेवून घेतो, ताणून मोठं करतो, कडा घासतो, रंग चढवतो. हालचाल गुळगुळीत दिसावी म्हणून दोन चित्रांच्या मध्ये तिसरं स्वतः रचून घालतो, आणि त्यासाठी पुढचं चित्र येईपर्यंत मागचं अडवून धरतो. नवरीला इतकं सजवतात की मुहूर्त टळतो, त्यातला प्रकार. मालिका बघणाराला याचा पत्ता लागत नाही, कारण आवाजही तेवढाच उशिरा सोडलेला असतो. पत्ता लागतो तो बटण दाबणाराला. या उशिराला इनपुट लॅग म्हणतात.

"एवढ्याशा उशिरानं काय होतंय?" असं हिने विचारलं. तिला मी खासबागेत नेलं, म्हणजे बोलण्यात. कोल्हापूरचं ते कुस्तीचं मैदान शाहू महाराजांनी बांधलं, १९१२ साली पुरं झालं. तिथे शंभर फुटांवर बसा. पैलवानाचा हात मांडीवर पडलेला आधी दिसतो, शड्डूचा आवाज मागून येतो. तेवढं अंतर कापायला आवाजाला सुमारे ९० मिलिसेकंद लागतात. बघणाराला त्याची मौज वाटते. पण आखाड्यातल्या पैलवानाला समोरच्याचा हात तेवढ्या उशिरा दिसू लागला तर त्याची पाठ मातीला लागलीच. डोळ्यांनी पाहून बोट हलवायला धडधाकट माणसाला दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. त्यात पडद्याने आणखी शंभर घातले, तर पोरीने करायचं काय?

आणि दोष कुणाला? पोरीला. ही चूक करणारा मी पहिला नव्हे, एवढंच समाधान. १७९६ साली ग्रीनिचच्या वेधशाळेत मॅस्केलाइन या राज-ज्योतिर्विदाने किनब्रुक नावाच्या मदतनीसाला काढून टाकलं. कारण काय, तर घड्याळाचे ठोके ऐकत ताऱ्याची वेळ टिपताना हा साहेबापेक्षा ०.८ सेकंद मागे पडतो! पुढे बेसेल या जर्मन ज्योतिर्विदाने ते प्रकरण वाचलं आणि १८२० च्या दशकात लोकांच्या नोंदी ताडून दाखवलं की प्रत्येक निरीक्षकाचा असा स्वतःचा फरक असतो, खुद्द साहेबाचासुद्धा. किनब्रुक तोवर वारला होता. हे वाचलं आणि चष्मा पुसायच्या निमित्ताने मी थोडा वेळ आत जाऊन बसलो.

रिमोटमध्ये शोधल्यावर 'गेम मोड' नावाची सोय सापडली. ती लावली की टीव्ही नट्टापट्टा सोडतो आणि बराच चपळ होतो. फुकटात काम झालं म्हणून मी खूश. पण संध्याकाळी सातला हिची मालिका असते, आणि त्या बाबतीत आमच्या घरात दुसरा मोड नाही. म्हणून मॉनिटर घ्यायचं ठरलं.

कोल्हापुरातला दुकानदार म्हणाला, "काका, एक मिलिसेकंद! विषयच न्हाई." खोक्यावरही तसंच छापलेलं. नातीने विचारलं, "हा रिस्पॉन्स टाइम ना? लॅग किती?" दुकानदार खोकं उलटंपालटं करू लागला. रिस्पॉन्स टाइम म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्याला रंग बदलायला लागणारा वेळ. बटण दाबल्यापासूनचा उशीर तो नव्हे. वाढपी हात किती झपझप चालवतो ते खोक्यावर लिहिलेलं. ताट स्वयंपाकघरातून निघालं कधी, ते नाही.

नात तयारीनेच आली होती. घरचा संगणक, कीबोर्डसकट, गाडीत घालून आणलेला. मोबाइल असा धरला की बोट आणि पडदा दोन्ही दिसावेत. सेकंदाला २४० चित्रं घेणारा स्लो मोशन लावला. एक चित्र म्हणजे चार मिलिसेकंदांहून किंचित जास्त. बटण दाबल्यापासून पडदा हलेपर्यंतची चित्रं मोजली. घरच्या टीव्हीवर ३१ आली होती, गेम मोडवर १५. इथल्या १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर आली ८, आणि दुकानदार ज्याची आरती करत होता त्या २४० हर्ट्झच्यावर ७. साठ हर्ट्झला नवं चित्र १६.७ मिलिसेकंदांनी येतं, १४४ ला ६.९, २४० ला ४.२; म्हणजे पुढे पुढे दाम वाढतो आणि लाभ घटतो. शिवाय आमच्या संगणकाला सेकंदाला २४० चित्रं रचायची ताकदही नव्हती. एका चित्रासाठी एवढे पैसे कोण देतो? १४४ चा घेतला. इंटरनेटच्या तारेतला उशीर निराळा, तो कुठल्याच मॉनिटरने जात नाही, हेही तिनेच दुकानदाराला समजावलं.

परतताना गाडीत मी म्हणालो, "चूक तुझी नव्हती गं." ती "हं" म्हणाली.

आता रविवारी ती कधी हरते, कधी जिंकते. हरली तरी वाद घालते, म्हणजे तब्येत ठीक आहे. परवा तिने मोबाइल माझ्यावर रोखून हाक मारली, "आबा!" मी पेपरातून मान वर केली. तिने चित्रं मोजली आणि म्हणाली, "आबा, तुमचा लॅग मोजायला स्लो मोशन नको. भिंतीवरचं घड्याळ पुरे."