चित्त आणि संभूत : जातककथेतील पूर्वजन्म आणि त्याची विश्वसनीयता

पूर्वजन्माची कथा वाचकास खरी वाटते ती कशाच्या बळावर, हा प्रश्न जातकांच्या बाबतीत विचारण्याजोगा आहे. आपल्याकडे जातके एक तर श्रद्धेने वाचली जातात, नाही तर मुलांच्या गोष्टी म्हणून बाजूस ठेवली जातात. दोन्ही पक्षी प्रश्न टळतो.

पाली जातकट्ठकथेतील ५४७ कथांची घडण ठरलेली आहे. प्रथम 'पच्चुप्पन्नवत्थु', म्हणजे तथागतांच्या काळातील प्रसंग. मग 'अतीतवत्थु', म्हणजे गतकाळची कथा आणि तीत गुंफलेल्या गाथा. अखेरीस 'समोधान', ज्यात तेव्हाची पात्रे म्हणजे आताची कोण, याचा मेळ घातला जातो. यांपैकी तिपिटकात मोडतात त्या केवळ गाथा. गद्य अट्ठकथेचे आहे व बरेच नंतरचे आहे.

समोधान गळले तरी पुष्कळ कथांचे काही बिघडत नाही. तित्तिर, वानर आणि हत्ती यांची गोष्ट विनयपिटकाच्या चुल्लवग्गात येते. वयाने जो ज्येष्ठ त्याचा मान राखावा, एवढ्यासाठीच ती तेथे सांगितली आहे. जातकट्ठकथेत मात्र हत्ती मोग्गल्लान, वानर सारिपुत्त आणि तित्तिर स्वतः तथागत ठरतात. गोष्ट जुनी आणि पूर्वजन्माची चौकट नंतरची, असे येथे स्पष्ट दिसते. म्हणून पूर्वजन्म हा सर्वत्र मागाहून चिकटवलेला भाग आहे, असे म्हणण्याचा मोह आपणांस होतो. ४९८ व्या चित्तसंभूत जातकापाशी आल्यावर हा मोह आवरावा लागतो.

ही कथा उज्जेनीबाहेरच्या चांडाळवस्तीत सुरू होते. चित्त आणि संभूत हे तेथील दोन भाऊ. नगरद्वारी ते आपली कला दाखवीत असता एका श्रेष्ठीची आणि एका पुरोहिताची कन्या उद्यानक्रीडेस निघतात. चांडाळ दृष्टीस पडले म्हणून त्या सुगंधी जलाने डोळे धुऊन परत फिरतात. मुलींबरोबर मिळणारे खाणेपिणे हुकल्याने जमाव चवताळतो आणि या दोघांना मरेस्तोवर झोडपतो. सारे दुःख जातीपायी, हे ओळखून भाऊ जात लपवतात व ब्राह्मणकुमार म्हणून तक्कसिलेत आचार्यांपाशी शिकू लागतात. चित्ताचे शिक्षण पुरेही होते. पुढे एका गावी भोजनप्रसंगी संभूत निवाला समजून भाताचा कढत घास तोंडात घालतो. तोंड पोळते, भान सुटते आणि भावाकडे पाहून तो आपल्या वस्तीच्या बोलीत काही बोलून जातो. चित्तही भान विसरून त्याच बोलीत उत्तर देतो. सहाध्यायी ती भाषा ओळखतात आणि पुन्हा मारहाण होऊन दोघे हाकलले जातात.

सबंध जातकवाङ्मयात याहून खरा वाटणारा प्रसंग आम्हांस तरी क्वचितच आढळला. ज्यांच्या घरात बोलण्यावरून जात ओळखली जाण्याची धास्ती कुणी ना कुणी अनुभवली आहे, त्यांना याचा अर्थ उलगडून सांगावा लागत नाही.

पुढे दोघे प्रव्रज्या घेतात. मृत्यूनंतर नेरंजरेच्या तीरी मृग, नंतर नम्मदेच्या तीरी पक्षी आणि अखेर चित्त कोसंबीत पुरोहितपुत्र, संभूत उत्तरपंचालात राजपुत्र होतो. पशुपक्ष्यांचे जन्म कथाकार चार ओळींत उरकतो. त्यांत त्याचे मन नाही. मन आहे ते पुढच्या तपशिलात : चित्तास सारे जन्म क्रमाने आठवतात, पण राजा झालेल्या संभूतास केवळ चांडाळजन्म आठवतो. मृग म्हणून एकाच घावात आलेले मरण तो विसरला, पक्षी म्हणून पाशात सापडणे विसरला. उज्जेनीचा मार मात्र राहिला. पुनर्जन्म न मानणाऱ्या वाचकासही हे पटते, कारण स्मृती अशीच वागते.

आता अडचणीची बाजू. कढत घासाचा प्रसंग गद्यात आहे, गाथांत नाही. उलट जन्मांची मालिका प्राचीन अशा गाथांतच आहे. आणि त्या गाथांत चित्त राजास सांगतो की चांडाळयोनी मनुष्यांत हीन असून आपल्याच पापकर्मांनी आपण त्या गर्भात राहिलो. हे वचन नंतर घुसडलेले म्हणून सोडून देण्याची सोय पाली ग्रंथांच्या अभ्यासकास नाही.

परंतु त्याच तिपिटकात मज्झिमनिकायाचे देवदह सुत्त आहे. सुखदुःख सर्व पूर्वकृत कर्मामुळे, असे म्हणणाऱ्या निगंठांना तथागत विचारतात : पूर्वी तुम्ही होता की नव्हता, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? अमुक पापकर्म तुम्ही केले, हे ठाऊक आहे काय? निगंठांचे उत्तर नकारार्थी येते. अंगुत्तरनिकायाच्या तिकनिपातातही सर्व काही पूर्वकृत मानणारे मत खोडून काढले आहे; तसे मानल्यास करावे व न करावे याचा विचारच उरत नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी याच जागी बोट ठेवले. गतजन्मीच्या कर्माचा सिद्धान्त दरिद्री व हीनदीन यांच्या स्थितीची जबाबदारी राज्यावरून आणि समाजावरून काढून घेतो, हा त्यांचा आक्षेप आहे.

हा आक्षेप मनात ठेवून जातक पुन्हा वाचले असता एक विसंगती ध्यानी येते. गाथा चांडाळजन्माचे कारण म्हणून पापकर्म सांगते, पण ते पाप कोणते, केव्हा, कोणाविरुद्ध, याविषयी कथेत अवाक्षर नाही. चार जन्म सांगणाऱ्या कथाकाराने त्यामागचा पाचवा जन्म काही रचला नाही. याउलट या दोघांना कोणी मारले, कशासाठी मारले, कोणत्या वेशीवर मारले, हे सर्व गद्यात नोंदलेले आहे. सुगंधी जलाने धुतलेले डोळेसुद्धा. समोधानात संभूत आनंद ठरतो आणि चित्त, म्हणजे तक्कसिलेहून हाकलला गेलेला तो चांडाळपुत्र, स्वतः तथागत.