वांगारीबाई माथाई व केनियांतील हरितपट्ट्याची चळवळ



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त निघणाऱ्या ह्या स्मरणिकेसाठीं एखादा इतिहासपर लेख द्यावा, अशी मंडळाची आज्ञा झाली, तेव्हां आपल्या पूर्वजांविषयींच कांहीं लिहावें असें प्रथम मनांत आलें. परंतु तें काम इतर लेखकांनीं माझ्याहून चांगल्या रीतीनें केलें आहे. मीं दूरदेशींचा विषय घेतला, त्याचें कारण एक खड्डा आहे. आपल्या शाळेच्या कुंपणालगत दरवर्षीं ५ जून रोजीं, म्हणजे जागतिक पर्यावरणदिनीं, मुलें एक रोप लावितात. टाळ्या होतात, छायाचित्र निघतें. आणि पुढल्या वर्षीं त्याच खड्ड्यांत दुसरें रोप लागतें. पहिल्याचें काय झालें हें कोणी विचारीत नाहीं. मीहि कित्येक वर्षें विचारलें नव्हतें.

हवामान बिघडत चाललें आहे, हें आतां केवळ शास्त्रज्ञांनींच सांगावें असें राहिलेलें नाहीं. यंत्रयुगापूर्वीं हवेच्या दर दशलक्ष भागांत सुमारें २८० भाग असलेला कार्बन डायॉक्साइड वायु आज ४२० भागांच्या वर गेला आहे, आणि पावसाचा नेम कसा चुकतो तें शेतकऱ्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. ह्यांत शाळांनीं व गांवकऱ्यांनीं काय करावें, ह्या प्रश्नाचें एक उत्तर पूर्व आफ्रिकेंतील केनिया देशाच्या इतिहासांत सांपडतें. आणि तें देणारी बाई आपल्याच धर्मभगिनींच्या शाळांतून शिकलेली होती.

वांगारीबाईंचा जन्म १ एप्रिल १९४० रोजीं न्येरी जिल्ह्यांतील इहिथे ह्या खेड्यांत, किकुयू जातीच्या शेतकरी कुटुंबांत झाला. घराजवळ वडा-उंबराच्या कुळांतला एक मोठा वृक्ष होता. त्यास तिकडे ‘मुगुमो’ म्हणतात. त्याच्या पायथ्याशीं ओढ्याचा उगम होता. सरपण आणावयास निघालेल्या लहानग्या वांगारीला आई बजावीत असे कीं, त्या झाडाची वाळकी काडीसुद्धां घ्यावयाची नाहीं, कारण तें देवाचें झाड आहे. पुढें मोठेपणीं तिला उमगलें कीं, ह्या वृक्षाचीं मुळें खडक भेदून खोल जातात, भूगर्भांतील पाण्यास वर वाट करून देतात आणि डोंगरउताराची माती धरून ठेवितात. आईला जें श्रद्धेनें ठाऊक होतें, तेंच मुलीला शास्त्रानें कळलें.

त्या काळीं खेड्यांतील मुलीस शाळेंत घालण्याची चाल नव्हती. ‘वांगारी आमच्यासारखी शाळेंत कां जात नाहीं?’ असें तिच्या थोरल्या भावानें एके दिवशीं विचारलें, आणि आईनें होकार दिला. अकराव्या वर्षीं ती मथारी येथील मिशनच्या सेंट सिसिलिया शाळेंत राहावयास गेली. ही शाळा इटलींतून आलेल्या कोन्सोलाता भगिनींची. येथेंच तिनें कॅथलिक धर्माचा स्वीकार करून मेरी जोसेफिन हें नांव घेतलें आणि ती मरियेच्या सेनेंत दाखल झाली. पुढें लिमुरू येथील लोरेटो भगिनींच्या शाळेंत तिचें शिक्षण पुरें झालें. ह्याच लोरेटो संघांत संत मदर तेरेसा १९२८ सालीं दाखल झाल्या व कलकत्त्यास आल्या, हें आपणांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. १९६० सालीं सुमारें ३०० केनियन विद्यार्थी विमानानें अमेरिकेस नेण्यांत आले, त्यांत वांगारी होती. तेथें बेनेडिक्टीन भगिनींच्या महाविद्यालयांत तिनें जीवशास्त्राची पदवी मिळविली, आणि १९७१ सालीं नैरोबी येथें डॉक्टरेट संपादन केली. पूर्व व मध्य आफ्रिकेंत हा मान मिळविणारी ती पहिली स्त्री होय.

भगिनींविषयीं वांगारीबाईंनीं जन्मभर कृतज्ञताच बाळगली. तरी आत्मचरित्रांत त्यांनीं एक गोष्ट लपविली नाहीं. शाळेंत इंग्रजीखेरीज बोलण्यास बंदी होती. जें मूल मातृभाषेंत बोलतांना सांपडे, त्याच्या अंगावर अपमानाचा एक बिल्ला लावीत, आणि दिवसाच्या शेवटीं ज्याच्याकडे तो असे त्याला शिक्षा होई. दुसरी गोष्ट मला अधिक बोंचते. देव केनिया पर्वतावर राहत नसून स्वर्गांत राहतो, असें लोकांस सांगण्यांत आलें. आणि मग तीं झाडें तोडावयास त्यांचे हात कचरेनासे झाले, असें त्या लिहितात. धर्मगुरु ह्या नात्यानें मला हा आरोप टाळतां येत नाहीं. वृक्ष हा देव नव्हे, हें शिकविणें मिशनऱ्यांचें कर्तव्यच होतें. परंतु वृक्ष देवाचा आहे, हें दुसरें अर्धें शिकवावयाचें राहून गेलें. असो.

अमेरिकेहून परतल्यावर वांगारीबाई इहिथेस गेल्या, तों मुगुमो नाहींसा झालेला! जमिनीच्या नव्या मालकानें चहाच्या लागवडीसाठीं तो तोडला होता. ओढा आटला होता. हीच अवस्था सर्व डोंगराळ मुलखाची झाली होती: चहाकॉफीचे मळे, निलगिरी व पाईन ह्या परदेशी झाडांच्या रांगा, आणि पावसाबरोबर वाहून जाणारी माती. १९७५ च्या सुमारास राष्ट्रीय महिला परिषदेच्या बैठकींत खेड्यांतील बायका आपलीं गाऱ्हाणीं सांगूं लागल्या. त्यांस सरपण मिळत नव्हतें, पाणी स्वच्छ नव्हतें, मुलांच्या पोटांत सकस अन्न जात नव्हतें. मग आपण झाडें कां लावूं नयेत, असें वांगारीबाईंच्या मनांत आलें. इतका साधा विचार!

विचार साधा, पण पहिला प्रयत्न पुरता फसला. सरकारी रोपवाटिकेंत त्यांनीं ठेविलेलीं रोपें पाणीटंचाईंत वाळून गेलीं. ५ जून १९७७ रोजीं महिला परिषदेच्या वतीनें नैरोबींत मिरवणूक निघाली आणि निरनिराळ्या जमातींच्या सात दिवंगत पुढाऱ्यांच्या स्मरणार्थ कामुकुंजी उद्यानांत सात रोपें लावण्यांत आलीं. तीहि बरीचशीं जगलीं नाहींत. वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, जगद्विख्यात झालेल्या ह्या चळवळीच्या प्रारंभींहि आमच्या कुंपणालगतचाच खड्डा होता. फरक एवढाच कीं, वांगारीबाईंनीं रोपें कां मेलीं ह्याचा शोध केला.

त्यांनीं सर्व काम गांवच्या बायकांच्या हातीं दिलें. वनखात्याचे अधिकारी प्रथम उतार, मातीचे थर वगैरे शास्त्रीय भाषा बोलले. त्यांतून बायकांस कांहीं उमजलें नाहीं. झाड लावण्यास पदविका लागते, असेंहि त्यांचें मत पडलें. तेव्हां वांगारीबाईंनीं बायकांस सांगितलें कीं, तुम्ही घेवडा पेरितां, मका पेरितां, तसेंच हें बीं पेरा. बायकांनीं रानांतून देशी झाडांचें बीं गोळा केलें, फुटक्या मडक्यांत व डब्यांत तें रुजविलें, आणि कोंबड्या-शेळ्यांचें तोंड पोहोंचूं नये म्हणून तीं मडकीं उंचावर ठेविलीं. पदविकेवांचूनच्या ह्या वनरक्षकांनीं हजार हजार झाडांच्या रांगा शेतांच्या बांधांवर, शाळांच्या व ख्रिस्तमंदिरांच्या आवारांत उभ्या केल्या. त्यावरून ‘हरितपट्टा’ हें नांव पडलें. मोबदला अगदीं अल्प, रोपामागें अमेरिकेच्या कांहीं सेंटांएवढा. पण तो लावण्याबद्दल मिळत नसे. कांहीं महिन्यांनीं कोणी येऊन पाही, आणि रोप जगलें असेल तरच पैसे हातीं पडत. माझ्या मतें सर्व चळवळीचें मर्म ह्या एका नियमांत आहे.

झाडांच्या जोडीस गांवोगांव शिकवणीचे वर्ग चालत. प्रथम जमलेल्यांस आपल्या अडचणी सांगावयास लावीत. यादी लांबच लांब होई. मग ह्या अडचणी आल्या कोठून, असें विचारीत, आणि बहुतेक दोष सरकारच्या पदरीं पडे. तो दोष खोटा नव्हता. परंतु वांगारीबाई त्यांस चुकीच्या मोटारगाडींत बसलेल्या उतारूचा दृष्टांत देत. गाडींत बसण्यापूर्वीं कोठें जाते हें ज्यानें विचारलें नाहीं, त्यानें भलत्या गांवीं उतरल्यावर सगळा बोल चालकासच लावावा काय?

राज्यकर्त्यांस ही शिकवण रुचली नाहीं. १९८९ सालीं नैरोबीच्या उहुरू उद्यानांत साठ मजली इमारत उठणार होती. वांगारीबाईंच्या विरोधानें तो बेत सोडून द्यावा लागला. १९९९ च्या जानेवारींत करुरा जंगलाच्या बचावासाठीं त्या रोप लावावयास गेल्या असतां भाडोत्री रखवालदारांनीं त्यांचें डोकें फोडलें. त्यानंतर विश्वविद्यालयाचे विद्यार्थी रस्त्यावर उतरले. तें जंगल आजहि उभें आहे. २००४ सालीं त्यांस शांततेचें नोबेल पारितोषिक मिळालें; तें मिळविणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन स्त्री. त्या वेळेपर्यंत चळवळीनें तीन कोटींहून अधिक झाडें लावलीं होतीं.

२००७ सालीं जर्मनींतील बव्हेरिया प्रांतांत फेलिक्स फिंकबायनर ह्या नऊ वर्षांच्या मुलावर वर्गांत हवामानाविषयीं बोलण्याची पाळी आली. तयारी करतांना त्याला वांगारीबाईंची हकीकत कळली, आणि प्रत्येक देशांतील मुलांनीं दहा लक्ष झाडें लावावींत, असें त्यानें वर्गांत सुचविलें. त्यांतून मुलांची एक जागतिक संघटना उभी राहिली. कौतुकाची गोष्ट खरी; तथापि अशा मोठ्या आकड्यांपुढें मी जरा बिचकतों, कारण लावलेलें झाड मोजणें सोपें, जगलेलें मोजणें कठीण. शिवाय कोळसा व तेल जाळणें तसेंच चालूं ठेवून झाडांनीं तें पाप धुवून निघेल, असें कोणी समजूं नये. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१५ च्या ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकांत शेवटचें प्रकरण पर्यावरणाचें शिक्षण व अध्यात्म ह्यांस दिलें, आणि त्याच वर्षीं नैरोबी येथील संयुक्त राष्ट्रसंघाच्या कार्यालयाच्या आवारांत स्वहस्तें एक झाड लावलें. तें पाहावयास वांगारीबाई नव्हत्या. २५ सप्टेंबर २०११ रोजीं त्या निवर्तल्या. आपल्या शवपेटीसाठीं झाड तोडूं नये, अशी त्यांची इच्छा होती. म्हणून ती पेटी बांबू, लव्हाळे व जलपर्णी ह्यांची विणून केली होती.

आपल्या कुंपणालगत यंदा लावलेलें रोप उंबराचें आहे. त्याच्यासाठीं सातवीच्या वर्गांत एक वही ठेविली आहे. पाणी घालण्याची पाळी कोणाची, आणि दर महिन्याला रोपाची उंची किती झाली, हें मुलें तींत लिहितात. एप्रिलअखेरपर्यंतच्या पाळ्या भरल्या आहेत. मे महिन्याच्या सुट्टीचीं पानें अद्याप कोरीं आहेत.