हडळ, मुंजा आणि पिंपरीचे पेनिसिलिन

महाराष्ट्रातील भुतांची नामावली लक्षपूर्वक वाचली असता ती एक मृत्यूनोंदवही आहे, असे ध्यानात येते. मुंज झाली, परंतु सोडमुंजीपूर्वीच वारला तो मुंजा. गरोदरपणी किंवा बाळंत होताना गेली ती अलवंतीण. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत मेली ती हडळ. आर. ई. एन्थोवेन यांच्या १९२४ सालच्या मुंबई इलाख्याच्या लोकसमजुतींवरील ग्रंथात अशा कल्पना संगृहीत आहेत. नातवंडे पाहून तृप्त होऊन गेलेला मनुष्य या यादीत सहसा आढळत नाही.

मुंज्याचे वसतिस्थान पिंपळ. ज्या वृक्षाखाली सिद्धार्थ गौतमांना संबोधी प्राप्त झाली, त्याच वृक्षाखालून तिन्हीसांजेला जाण्यास लोक भ्यावेत, हा विलक्षण उलटफेर होय. यक्षिणीचेही तेच झाले. भरहुतच्या स्तूपाच्या कठड्यावर तिची मूर्ती नावासह सन्मानाने कोरलेली आहे. मराठीत आली तेव्हा मात्र ती ‘जखीण’ झाली.

हडळीचे ‘दहा दिवस’ मात्र निव्वळ कल्पना वाटत नाहीत. सूतिकाज्वर बहुधा प्रसूतीनंतरच्या याच दिवसांत उद्भवतो. ज्वर चढला की रुग्णा बरळते, नातलगांस ओळखीत नाही. अशा वेळी वैद्याऐवजी देवऋषी बोलावला जाई. तो वेताची छडी उगारी, मिरचीची धुरी देई. आणि मेल्यावर तीच स्त्री पुढच्या बाळंतिणीला झपाटणारी ठरे. १८४७ साली व्हिएन्ना येथे सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्यास लावताच या ज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. हडळ हातांच्या मळातून येत होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्या वाङ्मयातही प्रेतकथा आहेत, हे लपविण्याचे कारण नाही. खुद्दकनिकायातील ‘पेतवत्थु’त अशा एक्कावन्न कथा आहेत. त्यांतील पेत भुकेले, वस्त्रहीन आहेत. आप्तांनी दान देऊन त्याचे पुण्य अर्पण केले की त्यांस शांती लाभते. भूत काढण्यासाठी रुग्णास मारहाण करावी, अशी शिकवण त्यांत नाही. डॉ. बाबासाहेबांनी १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांतील सहाव्या प्रतिज्ञेने श्राद्ध-पिंडदानच नाकारले. तेव्हा या कथा दानधर्माचा उपदेश म्हणूनच वाचाव्यात, असे मला वाटते.

२५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्याच वर्षी काही मैलांवर पिंपरीत, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली व १९५५ पासून तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. सूतिकाज्वराच्या जंतूंवर हे औषध प्रभावी आहे. पहिला प्रसंग आपण श्रद्धेने स्मरतो. दुसऱ्याचा धम्मचर्चेत क्वचितच उल्लेख होतो.

भीती अर्थात संपलेली नाही. चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करणाऱ्यास पहाटेच्या झोपेत ‘कोणीतरी छातीवर बसले’ असा अनुभव आला, तर त्याने स्वतःस बाधित समजू नये. मन जागे झालेले असते, स्नायू अद्याप स्वप्ननिद्रेतील शिथिल अवस्थेत असतात. झोपेच्या वेळा बदलत राहिल्या की असे घडण्याचा संभव वाढतो.

२० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. त्याच महिन्यात निघालेल्या अध्यादेशाचे डिसेंबरात कायद्यात रूपांतर झाले. भूत मानणे हा त्यात गुन्हा नाही. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा गुन्हा आहे, आणि त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे.